मॅकमधली ‘रॉ क्वेरी’ कुणी वापरतं का? (आणि एकूणच फाइल शोधायच्या भानगडी)

पसारेवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा किचकट आहे, चहा घेऊन बसा.

मला जुनी पुस्तकं, अहवाल, गॅझेटियर असलं काहीबाही उतरवून ठेवायचा नाद आहे, मराठी-इंग्रजी दोन्ही. आर्काइव्ह डॉट ऑर्गवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची स्कॅन केलेली पुस्तकं आहेत ना, त्यांची फाइलनावं म्हणजे २०१५, मग टिंब, मग पाच-सहा आकडे, मग टिंब, मग रोमनमध्ये कसंबसं लिहिलेलं नाव, तेही बऱ्याचदा अर्धवट. ते बघून आत काय आहे हे कुणाच्या बापाला कळायचं नाही. अशा फायलींचा माझ्याकडे डोंगर झालाय.

त्यातलं एक पुस्तक हवंय. नाव आठवत नाही. तीनशेच्या वर पानं होती, आर्काइव्हवरूनच घेतलेलं, २०२३ च्या दिवाळीच्या आसपास उघडून वाचलं होतं आणि त्यात कोकणातल्या बंदरांच्या व्यापाराबद्दल बरंच होतं. स्कॅन आहे त्यामुळे आतला मजकूर शोधला की शून्य.

तर फाइंडरमध्ये (मॅकवर फायली बघायची खिडकी) कमांड-एफ दाबून ‘काइंड’च्या जागी ‘अदर’ निवडलं की एक भली मोठी यादी उघडते, त्यात ‘रॉ क्वेरी’ असा एक प्रकार दिसला. निवडला तर नुसती रिकामी चौकट, ना सूचना ना उदाहरण. हे नक्की काय आहे? कुणी वापरतं का? असल्यास जरा इस्कटून सांगा.

कटकट्या

पहिला! वाखूसा (वाचनखूण साठवली).

शिस्तीतला माणूस

राग मानू नका पण मुळात हा प्रश्न पडायलाच नको. उतरवलं की लगेच नाव बदलायचं, आधी साल, मग लेखक, मग विषय, आणि योग्य त्या फोल्डरात टाकायचं. दहा सेकंदांचं काम आहे. मी २००४ पासून करतोय, मला आजवर सर्च लागलेला नाही. शोधावं लागतं म्हणजे ठेवताना आळस झाला, इतकं सरळ आहे.

खिडकीवाली

@शिस्तीतला माणूस, तुमच्या स्वतःच्या फायलींचं ठीक आहे हो. बँकेचं स्टेटमेंट येतं त्याचं नाव नुसते आकडे. व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ म्हणजे डॉक, मग तारीख, मग डब्ल्यूए आणि चार आकडे. सासूबाईंचे रिपोर्ट, सोसायटीच्या नोटिसा, मुलाच्या शाळेची परिपत्रकं सगळी त्याच नावाची भावंडं. प्रत्येकाचं बारसं करत बसू का?

कटकट्या

बारसं 😂😂

शिस्तीतला माणूस

हो, करा. मी करतो.

टर्मिनलकाका

धाग्याचा काश्मीर व्हायच्या आत मूळ प्रश्नाकडे येतो.

आधी एक सूचना. इथे रोमन लिहायचं नाही हा आपला जुना नियम, म्हणून खालचं सगळं उच्चारानुसार देवनागरीत लिहितोय. मशिनवर टाकताना रोमनमध्ये टाका, आकडेसुद्धा, आणि नावं सलग, मधे जागा न सोडता. देवनागरीत पेस्ट करून ‘काका चालत नाही’ म्हणू नका.

मॅकवर स्पॉटलाइट ही शोधायची सोय २००५ साली टायगर या आवृत्तीबरोबर आली. वरच्या कोपऱ्यातलं भिंग सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या पोटात प्रत्येक फाइलची माहिती साठवलेली असते: नाव, प्रकार, आकार, पानं, कधी आली, कुठून आली, फोटो असेल तर कॅमेरा कोणता, गाणं असेल तर किती सेकंदांचं. या प्रत्येक माहितीला एक नाव आहे आणि ते नाव ‘केएमडीआयटेम’ने सुरू होतं. तुम्ही भिंगात काहीही टाइप करा, आत त्याचं रूपांतर अशाच नावांच्या प्रश्नात होतं. रॉ क्वेरी म्हणजे मधला दलाल काढून तो प्रश्न आपणच थेट लिहायचा. बस, एवढंच आहे ते.

कुठली नावं उपलब्ध आहेत हे पाठ करायच्या भानगडीत पडू नका. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडा, ‘एमडीएलएस’ टाइप करा, जागा सोडा आणि तुमच्या ढिगातली कुठलीही एक पीडीएफ ओढून खिडकीत टाका. एंटर मारलं की त्या फाइलबद्दल मशिनला जे जे ठाऊक आहे ते सगळं ओळीने छापून येईल. त्यात बघा: ‘नंबरऑफपेजेस’ म्हणजे पानं, ‘व्हेअरफ्रॉम्स’ म्हणजे कुठल्या पत्त्यावरून उतरवली, ‘डेटॲडेड’ म्हणजे त्या फोल्डरात कधी आली, ‘लास्टयूझ्डडेट’ म्हणजे शेवटी कधी उघडली. तुमचं उत्तर याच चार-पाच ओळींत आहे.

उदाहरणार्थ तीनशेहून जास्त पानांच्या सगळ्या पीडीएफ:

केएमडीआयटेमकंटेंटटाइप == "कॉम.अडोबी.पीडीएफ" && केएमडीआयटेमनंबरऑफपेजेस > ३००

बरोबरीला दोनदा ‘=’, ‘आणि’साठी दोनदा ‘&’, ‘किंवा’साठी दोन उभ्या रेघा. नावात काही शोधायचं तर ‘केएमडीआयटेमएफएसनेम’, शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा आणि बंद अवतरणचिन्हानंतर लगेच सी आणि डी ही अक्षरं. सी लावलं की कॅपिटल-स्मॉलचा फरक धरत नाही, डी लावलं की अक्षरांवरच्या खुणांचा धरत नाही.

तुमचं पुस्तक मी मुद्दामच शोधून देत नाही. करा प्रयत्न.

गावठी कोंबडा

केएमडीआयटेमनंबरऑफपेजेस हे एका दमात म्हणून दाखवेल त्याला माझ्याकडून वडापाव.

खिडकीवाली

आमच्या विंडोजवाल्यांचं पण लिहिते, नाहीतर सगळे म्हणतील मराठी माणूस फक्त मॅकच वापरतो.

एक्सप्लोररच्या सर्चच्या चौकटीत नुसतं नाव टाकायचं नसतं, तिथेही प्रश्न लिहिता येतो. ‘एक्स्ट’ कोलन पीडीएफ, ‘काइंड’ कोलन पिक्चर, ‘साइझ’ कोलन मग मोठ्याचं चिन्ह आणि १००एमबी, ‘डेटमॉडिफाइड’ कोलन लास्टवीक. अँड, ऑर, नॉट वापरायचे तर कॅपिटलमध्येच लिहायचे, स्मॉलमध्ये लिहिलं तर तो त्यांना साधे शब्द समजतो. तारखा मात्र तुमच्या मशिनच्या रीजन सेटिंगप्रमाणे. आपल्याकडे आधी दिवस मग महिना, तिकडच्या एखाद्या साइटवरून उदाहरण उचललं की महिना आधी, आणि मग निकाल भलतेच. केलेला सर्च सेव्ह करून ठेवता येतो, पुढच्या वेळी फोल्डरसारखा उघडायचा, आतली यादी आपोआप ताजी.

‘साइझ’ कोलन ‘जायगँटिक’ असंही लिहिता येतं. विंडोज ७ मध्ये १२८ एमबीच्या पुढचं सगळं जायगँटिक होतं, विंडोज १० मध्ये ४ जीबीच्या पुढचं. महागाई सगळीकडेच आहे.

पण खरं सांगायचं तर मी हे सगळं सोडून ‘एव्हरीथिंग’ वापरते. व्हॉइडटूल्सचं आहे, फुकट, छोटंसं.

पसारेवाला

@टर्मिनलकाका, दंडवत! एमडीएलएस करून बघितलं, डोळेच उघडले. व्हेअरफ्रॉम्समध्ये चक्क दोन पत्ते आहेत, एक फाइलचा आणि एक ज्या पानावरून क्लिक केलं त्याचा. हे सगळं हा कधीपासून लिहून ठेवतोय??

@शिस्तीतला माणूस, तुमचं पटतं, पण हजारो फायलींची नावं आता बदलायला घेतली तर पुढची दिवाळी येईल.

टर्मिनलकाका

सफारी, क्रोम वगैरे ब्राउझर फाइल उतरवताना तो पत्ता तिला चिकटवतात, वर्षानुवर्षं. याचा एक उपयोग बघा: केएमडीआयटेमव्हेअरफ्रॉम्स == "*महाभूमी*"सीडी टाका, आजवर उतरवलेले सगळे सातबारा एका यादीत. नाव काहीही असो. पण कर्लसारख्या कमांडने उतरवलेल्या फायलींना हा पत्ता चिकटत नाही, मेलमधून आलेल्यांचं वेगळं असतं आणि पेनड्राइव्हवरून मित्राने दिलेलीचं तर काही सांगता येत नाही. तेव्हा या अटीत बसली नाही म्हणजे फाइलच नाही असं समजू नका.

टक्स

एव्हरीथिंग भारी आहे यात वाद नाही, पण ते का भारी आहे ते सांगतो, कारण त्यातच त्याची मर्यादा पण आहे. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची मांडणी) डिस्कवर सगळ्या फायलींची एक मुख्य वही असते, मास्टर फाइल टेबल. एव्हरीथिंग फोल्डर-फोल्डर हिंडत बसत नाही, थेट ती वही वाचतं आणि पुढे काय बदललं ते एनटीएफएसच्याच बदलांच्या नोंदवहीतून उचलतं. म्हणून लाखो फायली असल्या तरी अक्षर दाबलं की यादी हजर. पण त्या वहीत नाव, आकार, तारखा एवढंच. आतला मजकूर नाही, पानं नाहीत, लेखक नाही. ‘कंटेंट’ कोलन लिहून आतला मजकूर शोधता येतो पण तेव्हा तो एकेक फाइल उघडून वाचतो, त्यामुळे आधी एक्स्ट आणि पाथ लावून यादी बारीक करायची, मग कंटेंट. उलट केलंत तर जेवून या.

लिनक्सवर ‘फाइंड’ ही कमांड आहेच. आयनेम (नाव), साइझ (आकार), एमटाइम (कधी बदलली), तीन गोष्टी आल्या की नव्वद टक्के काम झालं. ताऱ्याला अवतरणचिन्हात ठेवायचं, नाहीतर तो फाइंडपर्यंत पोचायच्या आत शेलच (टाइप केलेली कमांड आधी वाचणारा प्रोग्राम) गिळतो. फाइंडला इंडेक्स (आधीच करून ठेवलेली सूची) नाही, दरवेळी डिस्क पालथी घालतो, त्यामुळे हळू पण खोटं बोलत नाही. ‘लोकेट’ जलद, पण त्याची यादी शेवटी अपडेट झाली तेव्हाची.

आणि कुणाला एकच साधन सगळीकडे हवं असेल तर ‘रिकॉल’ बघा. लिनक्स, विंडोज, मॅक तिन्हीकडे चालतं, पीडीएफ-वर्ड-मेल सगळ्यांच्या आतला मजकूर इंडेक्स करतं आणि त्याची स्वतःची क्वेरीची भाषा आहे, तारखेची मर्यादा, फोल्डर, लेखक सगळं एका ओळीत.

वकीलीणबाई

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, इथेच विचारते. मी फायलींची नावं मराठीत ठेवते. ‘ॲड.’ने सुरू होणाऱ्या फायली शोधल्या तर निम्म्याच सापडतात. उरलेल्या समोर फोल्डरात दिसतायत, नावात तीच अक्षरं आहेत, तरी सर्च म्हणतो नाहीत. तसंच ‘दुसऱ्या अपिलाचे कागद’चं. ज्युनिअरने केलेली फाइल सापडते, माझी नाही. हे काय गौडबंगाल आहे? विंडोज आहे, एव्हरीथिंग पण घालून बघितलं, तेच.

गावठी कोंबडा

ज्युनिअरला पार्टनर करायची वेळ झाली मॅडम.

टक्स

@वकीलीणबाई, यात मशिनचा दोष नाही. दिसायला एक असलेलं अक्षर आत दोन तऱ्हांनी लिहिलं जातं.

‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) २००८ साली आलं, ५.१ आवृत्तीत. त्याआधी सगळे ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र द्यायचे, आणि अनेक कीबोर्ड अजूनही तेच करतात. दिसायला दोन्ही सारखे. युनिकोडच्या नियमाने मात्र ते समान धरले जात नाहीत, त्यामुळे सर्चला ती दोन वेगळी नावं वाटतात.

‘दुसऱ्या’ची कथा तर त्याहून वाईट. तो जो आडवा र आहे, दुसऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड, तऱ्हा यातला, तो लिहायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे नुक्तावाला ऱ, मग हलन्त. दुसरी जुनी, साधा र, हलन्त आणि मग झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं अक्षर. तुमचा कीबोर्ड एक काढतो, ज्युनिअरचा दुसरा. बाकी भाषांना हा त्रास फारसा नाही, आपल्या आडव्या र नेच केलंय हे.

उपाय: जिथे संशय आहे तिथे अक्षर लिहूच नका. एव्हरीथिंगमध्ये ‘*दुस*या*’ असं टाका. पुढचा आणि मागचा तारा विसरू नका, कारण तारा वापरला की ते अख्खं नाव जुळवतं, नावाचा तुकडा नाही. ‘ॲड’साठी दोन्ही प्रकार टाइप करून मधे उभी रेघ द्या, म्हणजे हे किंवा ते. आणि ऑफिसात सगळ्यांना एकच कीबोर्ड लावायला सांगा.

वकीलीणबाई

अहो सापडल्या!! सगळ्या! ‘*दुस*या*’ने तर ज्या मी हरवल्या म्हणून पुन्हा टाइप करून घेतल्या त्यासुद्धा निघाल्या. लाख लाख धन्यवाद. (‘दुसराया’ नावाची पण एक निघाली. ती ज्युनिअरचीच.)

सॅनहोजेकर

@टक्स यांच्या मुद्द्यात मॅकवाल्यांसाठी भर. तो नुक्तावाला ऱ सुद्धा आत दोन प्रकारे राहू शकतो, एकसंध, किंवा र आणि नुक्ता असे सुटे. हे दोन युनिकोडच्या दृष्टीने समान आहेत, पण बाइट वेगळे. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टिम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) नावं मुद्दाम सुटी करून ठेवायची. म्हणजे तिथे ‘वऱ्हाड’ नावाचं फोल्डर केलं आणि लिनक्सच्या सर्व्हरवर चढवलं, की तिथे फाइंडमध्ये ‘वऱ्हाड’ टाइप करून ते मिळत नाही, कारण लिनक्स नाव बाइटला बाइट लावून बघतं. ‘कॉन्व्हएमव्ही’ नावाची कमांड आहे, तिला एनएफसी असा पर्याय दिला की सगळी नावं एकसंध करते. आधी नुसतं काय बदलेल ते दाखवते, पुन्हा ‘नोटेस्ट’ म्हटल्याशिवाय हात लावत नाही, त्यामुळे निर्धास्त चालवा. नवीन एपीएफएसवर मॅकच्या आत तरी हा भेद जाणवत नाही.

शाईचे डाग

तुमचं युनिकोडचं दुखणं तरी बरं हो. माझा डीटीपीचा धंदा, १९९० च्या दशकापासूनच्या फायली आहेत. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, काय म्हणाल त्या फाँटात. त्यात मराठी मजकूर नसतोच मुळी, रोमन अक्षरं असतात आणि फाँट त्यांना मराठीचं सोंग देतो. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवमध्ये खरं तर ई, जे, के, कॅपिटल बी, एच असा लिहिलेला असतो. तर गिऱ्हाईक येतं, म्हणतं २००१ ची लग्नपत्रिका काढा, आमच्या आजीचं नाव आहे त्यात. कुठला स्पॉटलाइट आणि कुठलं रिकॉल काढणार?

मी काय करतो सांगतो, कुणाच्या कामी आलं तर. शोधायचा शब्द आधी त्याच फाँटात वर्डमध्ये टाइप करतो, मग फाँट बदलून टाइम्स करतो, जे चक्रम रोमन दिसतं ते कॉपी करून सर्चमध्ये टाकतो, आणि कॅपिटल-स्मॉल जसंच्या तसं जुळव असं सांगतो, कारण कृतिदेवमध्ये कॅपिटल बी वेगळं अक्षर आणि स्मॉल बी वेगळं. निघतात फायली. कोरल ड्रॉच्या नाही निघत, वर्डच्या निघतात.

टर्मिनलकाका

@शाईचे डाग, टोपी काढली. यालाच म्हणतात रॉ क्वेरी.

शाईचे डाग

रॉ काय, कच्चीच म्हणा. आमच्याकडे बाकी सर्च म्हणजे मागच्या खोलीतल्या पोऱ्याला हाक मारणे.

जुनाट

अवांतर होईल पण राहवत नाही. फाइलसिस्टिमलाच प्रश्न विचारायची कल्पना ॲपलची नव्हे. १९९० च्या दशकात बीओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टिम होती, तिच्या फाइलसिस्टिममध्ये फाइलला हवी ती माहिती चिकटवता यायची आणि डेटाबेससारखी क्वेरी मारता यायची. ती फाइलसिस्टिम बनवणाऱ्यांतले डॉमिनिक जाम्पाओलो पुढे ॲपलमध्ये गेले आणि स्पॉटलाइटवर काम केलं. बीओएसचा मोकळा अवतार हायकू अजून जिवंत आहे, त्याच्या शोधखिडकीत ‘फॉर्म्युला’ असा पर्यायच आहे, तुमच्या रॉ क्वेरीचा थोरला भाऊ. मायक्रोसॉफ्टनेही २००३ मध्ये विनएफएसचा मोठा गाजावाजा केला होता, सगळी डिस्कच डेटाबेस होणार म्हणून. २००६ मध्ये गुंडाळलं. मी तेव्हा त्याच्यावर एका मासिकात लेख लिहून बसलो होतो.

टक्स

विनएफएस गेलं तरी विंडोजमध्ये एक चोरदरवाजा आहे जो फार कुणाला माहीत नसतो. विंडोजच्या सर्च इंडेक्सला चक्क एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) प्रश्न विचारता येतो. टेबलचं नाव ‘सिस्टमइंडेक्स’. पॉवरशेलमधून (विंडोजची कमांडची खिडकी) जोडणी करायची आणि सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर. आतल्या मजकुरासाठी ‘कंटेन्स’. ऑफिसात रोज सकाळी ‘काल कुठले करारनामे बदलले’ अशी यादी काढायची असेल तर एक्सप्लोररच्या चौकटीपेक्षा हे कितीतरी बरं.

शिस्तीतला माणूस

एवढं सगळं वाचल्यावर माझं मत जास्तच पक्कं झालं. इंडेक्स आहे म्हणून लोक बेशिस्त होतात. उद्या मशिन बदललं, डिस्क वेगळ्या फॉरमॅटची घेतली, इंडेक्स गेला, की व्हेअरफ्रॉम्स पण गेलं आणि यूझ्डडेट पण गेली. फाइलचं नाव मात्र कुठेही जा, बरोबर येतं.

सॅनहोजेकर

हा मुद्दा बरोबर आहे, हसण्यावारी नेऊ नका. चिकटवलेली माहिती वाटेत गळते. मेलने पाठवली, ड्राइव्हवर चढवून उतरवली की कुठून आली, कधी उघडली हे पुसलं जातं. पानांचा आकडा राहतो कारण तो फाइलच्या आतूनच मोजतात. म्हणून मी असं करतो: क्वेरीने यादी काढायची आणि मग त्या यादीची नावं एकगठ्ठा बदलायची. फाइंडरमध्ये सगळ्या निवडून राइट क्लिक, रीनेम. शोध आणि शिस्त यात भांडण लावायची गरज नाही.

पण नावात सगळं मावत पण नाही. ‘मागच्या वर्षी दोनदा उघडलेली’ हे नावात कसं लिहिणार?

शिस्तीतला माणूस

नावात नाही. वहीत.

कटकट्या

😂 वहीचा इंडेक्स कशात ठेवता?

पसारेवाला

बरं, मी काल रात्री बसलो. काकांनी मुद्दाम सांगितलं नाही म्हणून स्वतःच क्वेरी रचली पण टर्मिनलमध्ये ‘एमडीफाइंड’ला (स्पॉटलाइटची शोधायची कमांड) दिली तर म्हणतो फेल्ड टू क्रिएट क्वेरी. आणि तीच फाइंडरच्या चौकटीत टाकली तर काहीच बोलत नाही, नुसती रिकामी खिडकी. तारखेसाठी ‘$टाइम.आयएसओ’ वापरलंय. बाहेर दुहेरी अवतरणचिन्ह दिलंय, काही ठिकाणी एका ब्लॉगवरून कॉपी केलंय.

सॅनहोजेकर

दोन गोष्टी बघा.

ब्लॉगवरून कॉपी केलेल्या मजकुरात अवतरणचिन्हं वळणदार असतात, उघडायचं वेगळं, मिटायचं वेगळं. क्वेरीला सरळ उभी लागतात. पुन्हा हाताने टाइप करा.

दुसरं म्हणजे टर्मिनलमध्ये सगळ्या क्वेरीच्या बाहेर एकेरी अवतरणचिन्ह द्या. दुहेरी दिलंत तर शेलला वाटतं डॉलर-टाइम हे त्याचंच व्हेरिएबल आहे, त्याची किंमत रिकामी, म्हणून तो ते खाऊन टाकतो आणि स्पॉटलाइटला तुटकी क्वेरी मिळते. फाइंडरच्या चौकटीत शेल नसतो, तिथे बाहेरचं अवतरण अजिबातच द्यायचं नाही.

फाइंडर चुकीच्या क्वेरीबद्दल अवाक्षर काढत नाही, म्हणून आधी टर्मिनलमध्ये चालवून बघायची आणि चालली की चौकटीत टाकून स्मार्ट फोल्डर म्हणून सेव्ह करायची.

टर्मिनलकाका

अजून दोन बारकावे, मग मी गप्प बसतो.

तुम्ही ‘लास्टयूझ्डडेट’ वापरत असाल तर ती फक्त शेवटची तारीख. दिवाळीनंतर चुकून जरी एकदा उघडली असेल तर दिवाळीची नोंद गेली. त्याऐवजी ‘यूझ्डडेट्स’ घ्या, अनेकवचनी, त्यात उघडल्याच्या दिवसांची यादी असते. आणि यादी असल्यामुळे ‘याच्या नंतर’ आणि ‘याच्या आधी’ अशा दोन सुट्या अटी लावू नका, ऑगस्टमध्ये उघडलेली पहिली नाही पण दुसरी अट पुरी करते आणि जानेवारीत उघडलेली पहिली, म्हणजे दोन्ही महिन्यांत उघडलेली फाइल दिवाळीत न उघडताही यादीत येऊन बसते. ‘इनरेंज’ वापरा, त्यात नाव, पासून, पर्यंत असे तीन तुकडे द्यायचे.

आणि आयएसओ वेळेच्या शेवटी झेड लिहिलात तर ती ग्रिनिच वेळ, आपण साडेपाच तास पुढे. टोकाच्या तारखांना एकेक दिवस सैल सोडा.

गावठी कोंबडा

तीनशे पानं, कोकणातली बंदरं, व्यापार, जुनं पुस्तक... अहो पसारेवाले, हे रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर नाही का? मुंबई इलाख्याच्या मालिकेतला दहावा खंड, १८८० चा, कॅम्पबेलने संपादित केलेला. आमच्या गावच्या वाचनालयात होतं. इतके दिवस गंमत बघत होतो, म्हटलं यंत्र आधी सांगतंय की कोंबडा.

पसारेवाला

😳😳

आधी क्वेरीचं सांगतो. पीडीएफ, तीनशेच्या वर पानं, व्हेअरफ्रॉम्समध्ये आर्काइव्ह, यूझ्डडेट्स इनरेंज ५ ते २० नोव्हेंबर २०२३ (दिवाळी १२ ला होती). एकेरी अवतरणात टाकली आणि चालली. सगळ्या ढिगातून जेमतेम डझनभर फायली उरल्या. एकेक उघडत गेलो, आणि हो, रत्नागिरी-सावंतवाडीचंच निघालं. नाव तेच आपलं २०१५ टिंब आकडे, पुढे नुसतं ‘गॅझेटियर ऑफ द बॉम्बे’ आणि तिथेच संपलेलं. नावात गॅझेटियर शोधलं असतं तर सगळेच खंड आले असते.

@गावठी कोंबडा, वडापाव माझ्याकडून.

गावठी कोंबडा

दोन द्या. एक केएमडीआयटेमसाठी, आरशासमोर म्हणून बघितलं.

टक्स

आता त्याच्या आतलं शोधता यावं असं करून ठेवा. ‘ओसीआरमायपीडीएफ’ चालवा, ते टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम) वापरून स्कॅनच्या मागे मजकुराचा थर घालतं. इंग्रजी खंडांना ‘ईएनजी’, मराठी पुस्तकांना ‘एमएआर’, दोन्ही मिसळ असेल तर मधे अधिक चिन्ह. जुन्या शिळाप्रेसच्या छपाईवर निकाल यथातथाच, पण विसाव्या शतकातल्या खिळ्यांच्या छपाईला बरं निघतं. मूळ फाइल ठेवा, वेगळ्या नावाने काढा.

शिस्तीतला माणूस

आणि त्या वेगळ्या नावात साल आधी.

वकीलीणबाई

बाहेरच्या हार्डडिस्कवर पण चालतं का हे स्पॉटलाइट? माझा भाऊ मॅकवाला आहे, त्याचे सगळे फोटो बाहेरच्या डिस्कवर.

टर्मिनलकाका

चालतं, त्या डिस्कचा इंडेक्स बनलेला असेल तर. ‘एमडीयूटिल’ जागा ‘-एस’ आणि पुढे डिस्कचा रस्ता द्या, इंडेक्सिंग चालू आहे की बंद ते सांगेल. बंद असेल तर स्पॉटलाइटच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसीच्या यादीत ती डिस्क घातली आहे का बघा. फोटोंसाठी ‘ॲक्विझिशनमॉडेल’ बघायला सांगा, कॅमेऱ्याचं किंवा फोनचं नाव असतं त्यात.

वकीलीणबाई

म्हणजे कुठले फोटो कुणाच्या फोनवरून काढलेत ते कळतं?

टर्मिनलकाका

हो, मॉडेल कळतं.

वकीलीणबाई

मग भावाला नाही सांगत. एक केस आहे, मीच वापरते.